रुग्णालयाचा मळ

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, ओळखला. पुढील वर्षीं पुण्यास रोग्यांच्या घरचें सामान जाळण्यांत आलें. दूषित वस्तूंचा नाश करावा हा विचार चुकीचा नव्हता. पण आग लागली ती गरिबाच्या गोधडीस.

रुग्णालयानें स्वतःचा मळ निस्तरावा, असा स्वतंत्र नियम होण्यास २० जुलै १९९८ हा दिवस उजाडावा लागला. त्यांतहि पळवाट होतीच. महिन्यास हजारांहून कमी रोगी तपासणाऱ्या दवाखान्यास परवान्याची गरज नव्हती; आणि परवाना नाहीं, तेथें तपासणी कोण करणार? मुखेडसारख्या तालुक्याच्या गांवींचे लहान दवाखाने असे सहज सुटत. जणूं सुई टोंचण्यापूर्वीं गांव विचारते!

२०१६ च्या नियमांनीं ही सूट काढून घेतली. लसीकरणाचें शिबिरहि त्यांत आलें. पट्ट्या व बोळे पिवळ्या पिशवींत, सलाइनच्या नळ्या तांबडींत, कांच निळ्या खुणेच्या डब्यांत, सुया पांढऱ्या जाड डब्यांत. आणि हें वेगळें करणें खाटेपाशींच व्हावयाचें. एकदां सारें मिसळलें, कीं तें निवडावयास पुढें येतो तो झाडूवाला, बहुधा उघड्या हातांनीं.