स्मृतीची गळती : एक प्रशासकीय धडा

पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर इ. स. १७४२ च्या सुमारास झाशीत आले आणि त्यांच्यामागून मराठी कारकुनीही बुंदेलखंडात रुजली. त्या कारकुनीचा पाया कीर्द-खतावणीचा. कोणाच्या नावे रक्कम पडली, तर ती परत येताच जमा दाखवायची.

सर्व्हरच्या स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा, हिशेब असाच असतो. प्रत्येक कामासाठी प्रणाली थोडी स्मृती मागून घेते. काम संपल्यावर ती परत करणे अपेक्षित असते. ही जमा करणारी ओळ राहून गेली, तर स्मृतीचा तो तुकडा अडकून पडतो. यालाच ‘मेमरी लीक’ म्हणतात. एका कामात गेलेली स्मृती नगण्य. पण कामे हजारोंनी होतात.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने याची किंमत मोजली. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथे संगणकीय नियंत्रण सुरू झाले आणि प्रारंभीच कोलमडले. त्यामागे घाई, अपुरी चाचणी, अपुरे प्रशिक्षण अशी अनेक कारणे होती. अंशतः हाताने काम सुरू ठेवल्यावर ४ नोव्हेंबरच्या पहाटे प्रणाली पूर्ण थांबली. फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालाने कारण नोंदवले : रुग्णवाहिका रवाना होताना दरवेळी सर्व्हरची थोडी स्मृती वापरली जाई व सुटत नसे. प्रोग्रॅमरकडून अनवधानाने राहिलेल्या काही ओळींनी सुमारे तीन आठवड्यांत सारी स्मृती संपवली. पर्यायी सर्व्हरची पुरेशी चाचणी झालेली नव्हती. कर्मचाऱ्यांना पुन्हा कागद-पेन्सिल हाती घ्यावी लागली. पलीकडे मदतीची वाट पाहणारे रुग्ण होते.

झाशीतील एका कार्यालयात दर सोमवारी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करण्याचा प्रघात मी पाहिला होता. त्याने आठवडा निभतो, पण रोग दडतो. खरे निदान खतावणीच्याच मार्गाने होते. स्मृतीचा वापर रोज नोंदवावा. कामाचा भार उतरल्यावरही आलेख खाली येत नसेल, तर गळतीचा संशय धरावा. मग दोन वेगळ्या वेळच्या स्मृतीचे चित्र ताडून कोणत्या प्रकारच्या नोंदी वाढत गेल्या ते पाहावे. चाचणीच्या सर्व्हरवर तेच काम हजारो वेळा करून दोष पुन्हा घडवून आणावा. दुरुस्ती बहुधा दोन-चार ओळींची असते. मात्र काम अर्धवट फसल्यास जी वाट घेतली जाते, तिथेही स्मृती परत होते की नाही, हे तपासावे. शेवटी तीच चाचणी पुन्हा चालवून आलेख स्थिर राहतो याची खात्री करावी.

प्रशासकाने येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रणाली कोसळल्याची तारीख आणि दोष शिरल्याची तारीख यांत बरेच अंतर असू शकते. म्हणून केवळ त्या रात्रीच्या पाळीवरील कर्मचाऱ्यास जबाब विचारून भागत नाही. मागील प्रत्येक बदल कोणी केला, कोणी तपासला, याची नोंदवही हाताशी हवी. ती नसेल, तर चौकशी माणसापाशी थांबते आणि दोष जागच्या जागी राहतो.