टाकळा: तण, रानभाजी की औषध? आणि त्याच्यासारखा दिसणारा कासविंदा का टाळायचा?

पावसाळा सुरू झाला की बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जागेत टाकळा दाटीवाटीने उगवतो. विदर्भात यालाच तरोटा म्हणतात.

शेतकऱ्यासाठी शत्रू की मित्र?
दोन्ही. सोयाबीनसारख्या खरीप पिकात तो अन्न-पाण्यासाठी स्पर्धा करतो, म्हणून शेंगा धरण्याआधीच उपटावा लागतो. पडीक जमिनीवर मात्र तो उपयोगी ठरतो. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलेलं गाजर गवत आज देशभर पसरलं आहे. टाकळ्याची दाट वाढ त्याला डोकं वर काढू देत नाही. त्यामुळे अशा जागी टाकळ्याचं बी टाकण्याचा सल्ला दिला जातो.

भाजी कधी खायची?
फुलं येण्याआधी, कोवळ्या पानांची. कांदा, लसूण घालून परतलेली ही भाजी कोकणात पावसाळ्यात आवर्जून होते. तणनाशक फवारलेल्या शेतातली पानं मात्र खुडू नका.

औषधी उपयोग काय?
आयुर्वेदात टाकळ्याला ‘चक्रमर्द’ म्हणतात. चक्र म्हणजे गजकर्णाचा गोल चट्टा आणि मर्द म्हणजे तो चिरडणारा. गावाकडे याच्या बिया लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावतात. पण चट्टा पसरत असेल तर घरगुती लेपावर विसंबून न राहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

धोका कुठे आहे?
टाकळ्याच्या जवळच्या नात्यातला कासविंदाही पिवळ्या फुलांचा आणि शेंगांचा. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजारात यकृत, स्नायू आणि मेंदूवर परिणाम होत असे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी असल्याचं दिसलं. खेळता खेळता मुलं शेंगा सोलून बिया तोंडात टाकतात.

दोन्ही ओळखायचे कसे?
• टाकळा: एका पानात बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या, टोक गोलसर, शेंग लांब आणि बारीक.
• कासविंदा: चार ते सहा जोड्या, टोक निमुळतं, शेंग चपटी. पान चुरगळलं की उग्र वास येतो.

ओळख पक्की नसेल तर खुडू नका. आणि मुलांना एवढं नक्की सांगा: रानातल्या शेंगा मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकायच्या नाहीत.