स्वच्छ दिसणे आणि निर्जंतुक असणे

शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना आपण कुशल हातांचा गौरव करतो. परंतु शस्त्र टेकण्यापूर्वी रुग्णाच्या त्वचेची तयारी कशी करावी, या साध्या भासणाऱ्या प्रश्नावरही कित्येकांचे जगणे-मरणे अवलंबून होते, याचे स्मरण आपल्याला क्वचितच होते.

पाश्चर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगो येथे जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरण्यास प्रारंभ केला. त्यांनी १८७० साली दिलेले आकडे बोलके आहेत : जुन्या पद्धतीने हातपाय कापावे लागलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते, नव्या पद्धतीत ४० पैकी ६.

तथापि, जंतू केवळ हवेत वा हत्यारांवरच नसतात. आपल्या त्वचेच्या सूक्ष्म घड्यांतही त्यांची वस्ती असते. साबण, पाणी आणि ब्रश यांनी ती हटत नव्हती. १९०८ साली फिउमे (आजच्या क्रोएशियातील रिएका) येथील शल्यचिकित्सक अँतोनियो ग्रोसिक यांनी कोरड्या त्वचेवरच टिंक्चर आयोडीन लावण्याची पद्धत मांडली. त्यापूर्वी त्वचा पाण्याने धुऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. कारण भिजलेली त्वचा फुगते व औषध आत झिरपत नाही, असे त्यांचे मत होते. धुण्यालाच शुद्धी मानणाऱ्यांना हे पटणे सोपे नव्हते.

दुसरी समजूत वस्तऱ्याची. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी केस काढून त्वचा गुळगुळीत करण्याची प्रथा आमच्याकडेही रूढ होती. १९७१ साली सेरोपियन आणि रेनल्ड्स या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी तिची परीक्षा घेतली. वस्तरा फिरवलेल्या रुग्णांत जंतुसंसर्गाचे प्रमाण ५.६ टक्के आढळले. केस औषधाने काढलेल्या किंवा मुळीच न काढलेल्या रुग्णांत ०.६ टक्के. वस्तऱ्याने पडणारे, डोळ्यांना न दिसणारे ओरखडेच जंतूंना आश्रय देत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले : वस्तरा टाळावा, केस काढणे अगदी आवश्यकच असेल, तर ते यंत्राने कापावेत, आणि त्वचेवर अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडीन लावावे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्नानालाही संघटनेने संमती दिली आहे.

वस्तरा फिरवणाऱ्यांच्या हेतूत खोट नव्हती. त्यांची सेवा प्रामाणिकच होती. परंतु प्रामाणिक सेवेलाही मोजमापाची कसोटी लावावी लागते, हे या इतिहासाने शिकवले. आपल्या घरचे कोणी शस्त्रक्रियेसाठी निघाले, तर त्यांना स्नान अवश्य घालावे. वस्तऱ्याला मात्र घरी हात लावू नये.