प्राचार्यबाई पुन्हा शिकायला गेल्या

परवा ऑफिसात दोन दिवसांचं कम्पल्सरी ट्रेनिंग झालं. ट्रेनर स्लाइड वाचत होता, आम्ही टेबलाखाली मोबाईल बघत होतो, आणि ज्या मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांची नावं पाठवली होती ते स्वतः एका 'अर्जंट कॉल'वर होते. शेवटी फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. घरी मावशी आली होती. ती शाळेत शिक्षिका. तिला हे सांगितलं तर हसून म्हणाली, "अरे, आमच्याकडेही हेच. फक्त एसी नसतो." आणि जाता जाता म्हणाली, "ताराबाई मोडकांबद्दल वाच कधीतरी."

आता माझ्यासाठी ताराबाई म्हणजे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ. बालशिक्षण, कोसबाड, पद्मभूषण १९६२. बस्स. वाचायला बसलो आणि अख्खा शनिवार त्यातच गेला.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. १९१४ साली बी.ए. झाल्या. पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. म्हणजे ज्या कॉलेजात शिक्षिका तयार होतात, तिथल्या प्रमुख! पगार, मान, सगळं होतं. संसार मोडलेला, पदरी लहान मुलगी, त्यामुळे ती नोकरी किती मोलाची असेल ते सांगायला नको. आणि १९२३ साली बाई ती नोकरी सोडून भावनगरला गेल्या. कशाला? तर शिकायला!

भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका होते. हे मूळचे वकील. १९१६ मध्ये वकिली सोडून संस्थेत आले, तिथल्या शाळेचे आचार्य झाले, आणि १९२० मध्ये त्यांनी माँटेसोरीबाईंच्या विचारांवर बालमंदिर सुरू केलं. माँटेसोरीबाई स्वतः भारतात आल्या त्या १९३९ मध्ये. म्हणजे अडलं तर विचारायला जवळपास कोणी नाही. पुस्तकं वाचायची, मुलांबरोबर करून बघायचं, चुकलं की बदलायचं.

गंमत अशी की मुलांच्या शाळेपाठोपाठ १९२५ मध्ये तिथे मोठ्यांची शाळाही निघाली, अध्यापन मंदिर. कारण उघड होतं. खेळणी, साहित्य, इमारत सगळं आणाल हो, पण छडी हातात घेऊन वाढलेला मास्तर त्या वर्गात उभा केला तर पुढे काय होणार? १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका निघू लागली, तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालवली. म्हणजे ज्या शिक्षकाला भावनगरला येणं जमणार नाही, त्याच्यापर्यंत शिक्षण टपालाने पोचत होतं.

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. इथे गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, नंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या.

आणि बोर्डीत शहरात कमावलेलं बरंचसं ज्ञान अडलं. माँटेसोरीचं साहित्य महाग, ते खेड्यात कुठून आणणार? मग शिंपले, बिया, खडे, पानं गोळा केली. काही वस्त्यांमधली मुलं बालवाडीत यायचीच नाहीत. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना इथली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. तिथली मुलं सकाळीच गुरं चारायला जायची, तर कुरणावर शाळा भरली. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून मुलगी येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली. तिचं नाव विकासवाडी.

आता विचार करा. दादरहून आलेल्या, इतकी वर्षं शिक्षक घडवलेल्या बाईंनी "आमच्या पद्धतीत हे बसत नाही" म्हटलं असतं तर कोण त्यांना अडवणार होतं? पण त्या स्वतःच पुन्हा विद्यार्थी झाल्या, म्हणून अनुताईंनाही करून बघायची, चुकायची मोकळीक मिळाली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, चालवलं. मधल्या काळात १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला.

रविवारी मावशीला फोन केला. म्हणाली, तिच्या पहिल्या शाळेतल्या मोठ्या बाई तिच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायच्या. हिला आधी धडकीच भरायची. नंतर कळलं की ही अपूर्णांक कसे शिकवते ते बाई वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात तसं करून बघतात! "त्या होत्या म्हणून मी टिकले रे," एवढंच म्हणाली.

असो. पुढच्या महिन्यात आमच्या टीममध्ये दोन फ्रेशर येताहेत. त्यांच्या ट्रेनिंगची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. यादीत पहिलं नाव माझं टाकलंय. आणि त्या दोन दिवसांत कुठलाही अर्जंट कॉल घ्यायचा नाही, हे इथे लिहून ठेवतोय :-)