शिळेवर नसलेलं गाव

फ्रान्सच्या ईशान्य भागात रोमान्य नावाचं एक लहानसं खेडं आहे. खेड्याजवळच अमेरिकी सैनिकांची विस्तीर्ण दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेले १४,२४६ जण तिथे विसावले आहेत. हिरवळीवर पांढऱ्या संगमरवरी क्रूसांच्या रांगाच रांगा. अधिकारी आणि साधा शिपाई शेजारी शेजारी. मात्र मोजक्याच शिळांवरची अक्षरं सोनेरी आहेत. अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालेल्यांच्या त्या कबरी. त्यांतली एक आहे सार्जंट मातेय कोचाक यांची. या नावातला ‘च’ चहातला नव्हे, चमच्यातला!

कोचाक यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८२ चा, गबेली या गावातला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पोटापाण्यासाठी त्या भागातली असंख्य माणसं अमेरिकेची वाट धरत. कोचाकही गेले आणि १९०७ साली मरीन दलात भरती झाले. मरीन म्हणजे जहाजातून जाऊन किनाऱ्यावर उतरून लढणारा शिपाई. मुदत संपली की ते पुन्हा नाव नोंदवत. १९१४ मध्ये मेक्सिकोतलं व्हेराक्रुझ आणि १९१६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताक, अशा दोन मोहिमा त्यांनी पाहिल्या.

मग महायुद्ध आलं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि ७ डिसेंबरला तिने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धही युद्ध पुकारलं. म्हणजे कोचाक यांचं जन्मगाव कागदोपत्री शत्रूच्या मुलखात गेलं. साम्राज्याच्या फौजेत स्लोव्हाक तरुणांची सक्तीने भरती होत होती. कोचाक गावातच राहिले असते, तर कदाचित त्यांच्याही अंगावर तोच गणवेश चढला असता.

१८ जुलै १९१८. सोआसाँ शहराच्या दक्षिणेला विलेर-कोतरेचं दाट जंगल. पहाटे फ्रेंच आणि अमेरिकी फौजांनी जर्मनांवर मोठा हल्ला चढवला. कोचाक पाचव्या मरीन रेजिमेंटच्या ६६ व्या कंपनीत होते. झाडीत दडलेल्या एका मशिनगनने त्यांच्या बटालियनची वाट अडवली. कोचाक एकटेच पुढे निघाले. पाठीमागून संरक्षक गोळीबारही नव्हता. शत्रूच्या मोर्चांमधून वाट काढत त्यांनी ती जागा हेरली, झडप घातली आणि संगिनीने तोफेवरच्या जर्मनांना पिटाळून लावलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. जवळच फ्रान्सच्या वसाहतींतले पंचवीस सैनिक आपल्या तुकडीपासून तुटून भरकटले होते. कोचाक यांनी त्यांना एकत्र केलं आणि सोबत घेऊन दुसऱ्या मशिनगनवर हल्ला केला. तीही थंडावली. जरा कल्पना करा. स्लोव्हाक आईबापांचा मुलगा, अंगावर अमेरिकेचा गणवेश, मागे फ्रेंच वसाहतींतले सैनिक आणि समोर जर्मन! त्या घटकेला कोण कुठला, हे विचारायला कुणाला सवड होती?

त्याच दिवशी, त्याच कंपनीतल्या लुई चुकेला यांनीही असाच पराक्रम केला. तेही साम्राज्याचेच, आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातले. मरीन दल नौदलाचं, पण ही ब्रिगेड लढत होती भूदलाच्या डिव्हिजनमध्ये. त्यामुळे एकाच पराक्रमासाठी भूदलाचं आणि नौदलाचं अशी दोन्ही पदकं त्यांना मिळाली. असा मान लाभलेले मरीन फक्त पाच. त्यांतले हे दोघे. चुकेला १९५६ पर्यंत जगले. कोचाक यांचा गौरव मात्र मरणोत्तर झाला.

ऑक्टोबरमध्ये त्यांची रेजिमेंट शाम्पेन प्रांतातल्या ब्लाँ माँ या टेकडीवर चढली. १९१४ पासून ही टेकडी जर्मनांच्या ताब्यात होती. ४ ऑक्टोबर १९१८ ला तिथल्या घनघोर लढाईत कोचाक पडले. वय अवघं पस्तीस. त्यानंतर चोवीस दिवसांनी, २८ ऑक्टोबरला, चेकोस्लोव्हाकियाची घोषणा झाली. ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या. गबेली शत्रूच्या मुलखातून बाहेर पडलं, पण ते पाहायला गावचा हा मुलगा उरला नव्हता.

युद्धानंतर अमेरिकेने मृतांच्या नातेवाइकांना विचारलं, देह मायदेशी आणायचा की तिथेच ठेवायचा? सुमारे ४६,००० देह अमेरिकेला परतले, तर सुमारे ३०,००० युरोपातच राहिले. पण कोचाक यांच्या बाबतीत ‘मायदेश’ म्हणजे नेमका कुठला? जिथे पहिला श्वास घेतला ते गाव, की ज्याची शपथ घेतली तो देश?

रोमान्यच्या शिळांवर नाव, हुद्दा, तुकडी, अमेरिकेतलं राज्य आणि मृत्यूची तारीख एवढंच कोरलेलं असतं. जन्मगाव कुणाच्याच शिळेवर नाही. सैन्याच्या लेखी हिशोब शपथेपासून सुरू होतो आणि तो चूक आहे असं म्हणता येत नाही. पण त्या सोनेरी अक्षरांपुढे उभं राहणाऱ्याला गबेली हे नाव ठाऊक असावं. एका परक्या मातीत पुरलेल्या माणसाचं तेवढं देणं आपण सहज देऊ शकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)