भंगारवाल्याचा इतिहास

लहानपणी आमच्या मोहल्ल्यात 'भंगारवाला' ही शिवी होती. मीही ती दिली आहे. आज 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द सरकारी कागदांत वाचतो, तेव्हा ती शिवी आठवते.

धारावी मूळची कोळ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ मुस्लिमांनी तिथे चामड्याचे कारखाने उभारले. पुढे उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांनी, त्यांत मुस्लिम बरेच, तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिकचे भंगार हाती घेतले. १९८८ साली अमेरिकी उद्योगाने प्लास्टिकच्या प्रकारांना १ ते ७ आकडे दिले. इथला कारागीर तुकडा मोडून, जाळून, वास घेऊन त्याची जात ओळखतो. मग धुणे, छपरावर वाळवणे, वितळवून दाणा पाडणे. त्या दाण्यातून नवी वस्तू घडते. दर खेपेला प्लास्टिकचा कस उतरतो, म्हणून हे चक्रही अखंड नाही.

२०१६च्या केंद्रीय नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली, २०१८ला राज्यात प्लास्टिकबंदी. कायद्याने नाव दिले. पण धूर त्याच छातीत जातो. पुनर्विकासाच्या नकाशात या गल्ल्यांना जागा असेल का? इतिहास लिहिताना आपण नवाबांची नावे मोजतो. हे हातही आपलेच आहेत.