भिवंडीचे कोरे कापड : किंमत आणि वीण यांच्या संबंधाचा एक ऐतिहासिक विचार

वस्तूची किंमत तिच्या घडणीची साक्ष देते काय, हा प्रश्न मूल्यसिद्धान्ताच्या ग्रंथांत जितका सरळ दिसतो, तितका तो बाजारपेठेच्या इतिहासात सरळ राहत नाही. या प्रश्नाचा विचार करावयाचा तर एखादी अशी वस्तू घ्यावी लागते, की जिची घडण मोजता येते आणि जिची किंमत निरनिराळ्या टप्प्यांवर उघड असते. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे यंत्रमागावर निघणारे कोरे कापड ही अशी वस्तू होय.

कापडाची घडण तीन गोष्टींत सामावलेली असते : सुताचा नंबर, ताण्याची दाटी म्हणजे रीड, आणि बाण्याची दाटी म्हणजे पिक. ८४० यार्डांच्या जितक्या लडी एका पौंडात बसतात तितका सुताचा नंबर; अर्थात ४० नंबरी सूत २० नंबरीपेक्षा बारीक. रीड व पिक हे एका इंचात किती उभे व किती आडवे धागे आहेत ते सांगतात. एक साधे भिंग कापडावर ठेवून धागे मोजले की कापडाची बांधणी हाती लागते. भिवंडीच्या बाजारात मागवाल्याला विणाईची मजुरी मिळते ती बहुधा दर पिकामागे अमुक पैसे या हिशेबाने. व्यापारी सूत पुरवितो, मागवाला ते विणून देतो, आणि दोघांमधील करार इंचात किती बाणे पडले यावर ठरतो. किंमत आणि घडण यांचा याहून निकटचा संबंध क्वचितच आढळेल.

या हिशेबामागे यंत्राचे साधे गणित आहे. मिनिटाला १५० बाणे टाकणाऱ्या मागावर इंचाला ५० पिकांचे कापड घेतले तर मिनिटाला तीन इंच निघते. ६० पिकांचे घेतले तर अडीच इंचच निघते. दाट विणीला वेळ अधिक, वीज अधिक, सूतही अधिक. म्हणूनच लबाडीही याच ठिकाणी शिरते. कापड पुढे ओढणाऱ्या चक्रमालेतील एक चक्र थोड्या कमी-अधिक दात्यांचे बसविले की पिक विरळ होते आणि नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही. भिंगाचे महत्त्व त्यामुळेच.

तथापि येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. दाट वीण आणि बारीक सूत यांनी किंमत वाढते हे खरे. पण बारीक कापड टिकाऊ असतेच असे नाही. मांजरपाट मलमलीपेक्षा स्वस्त असतो आणि अधिक दिवस जातो. किंमत श्रमाची व सुताची साक्ष देते, टिकाऊपणाची नव्हे. आणि ग्राहक मात्र पुष्कळदा टिकाऊपणासाठीच पैसे मोजीत असल्याची समजूत करून घेतो.

खळीने हा गोंधळ आणखी वाढविला. ताण्याला बळ यावे म्हणून पेजेची खळ देणे ही विणकामाची गरजच आहे; पुढे त्यासाठी चिंचोक्याची पूडही वापरली जाऊ लागली. परंतु १८६० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस महागला तेव्हा, लँकेशायरच्या कारखानदारांनी खळीत चिनी माती मिसळून कापडाचे वजन वाढविण्याची युक्ती काढली. टॉडमॉर्डन येथील विणशाळांतील या प्रकाराची चौकशी डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन यांनी १८७२ साली केली, ती कामगारांच्या आरोग्यासाठी. हिंदुस्थानातील ग्राहकाला जड हाताला लागणारे कापड पहिल्या धुण्यात विरळ होऊन मिळत होते, त्याची चौकशी तिच्या कक्षेत नव्हती. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याने ठाणांवर लांबी छापणे बंधनकारक केले. दाटी छापण्याचे बंधन मात्र त्यात नव्हते. कायद्याने यार्ड मोजले, धागे मोजले नाहीत.

भिवंडीत एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकर कुटुंबांनी हातमागाचा पाया घातला होता. विसाव्या शतकात वीज आल्यावर तेथे यंत्रमाग बसू लागले. त्यांपैकी कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. ही गोष्ट प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. जो माग परळ-लालबागेत फिरला तोच भिवंडीत फिरू लागला, सूतही बहुधा गिरण्यांचेच, आणि तरीही कापड स्वस्त. ते निकृष्ट म्हणून स्वस्त, असे गिरणीच्या पक्षाने म्हणावे हे स्वाभाविक होते. आणि जुन्या मागांवर, अपुऱ्या देखरेखीखाली निघालेल्या मालात दोष अधिक असत हे नाकारता येणार नाही. परंतु किमतीतील मुख्य अंतर विणीत नव्हते. ते बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, उक्त्या मजुरीत, लहान घटकांना मिळालेल्या कराच्या सवलतीत आणि गिरणीला टाळता न येणाऱ्या खर्चात होते. यंत्रमागांच्या वाढीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९६४ साली अहवाल दिला, त्या काळातील वादाचे मूळ याच विषमतेत होते.

सरकारनेही किंमत आणि घडण यांची सांगड घालून पाहिली. जून १९४३ मध्ये कापड व सूत यांच्यावर नियंत्रण आले, कमाल किमती ठरल्या आणि कापडावर किंमत छापली जाऊ लागली. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठले, भाव भडकले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा आणावे लागले. १९६४ पासून गिरण्यांनी धोतर, साडी, लाँगक्लॉथ यांसारख्या ठराविक प्रकारांचा काही हिस्सा नियंत्रित दराने विणावा अशी योजना झाली. किंमत बांधली की घडण सैल होते, हा धडा या योजनेने पुनःपुन्हा दिला : तोट्याचे कापड जितके हलके विणता येईल तितके विणण्याकडे गिरण्यांचा कल राहिला, आणि स्वस्त कापडाविषयी गरिबाच्या मनात अविश्वास निर्माण झाला.

या इतिहासातील निर्णायक प्रसंग १८ जानेवारी १९८२ हा होय. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाच्या काळात गिरण्यांनी भिवंडीसारख्या केंद्रांतून कापड विणून घेतले आणि त्यावर आपले छाप मारून ते विकले, ही गोष्ट एच. व्हॅन वेर्श यांच्या १९९२ च्या ग्रंथात सविस्तर आलेली आहे. ज्या कापडाला काल ‘यंत्रमागाचा माल’ म्हणून कमी भाव मिळत होता, तेच रंगून, छापून, गिरणीच्या नावाने काठावर शिक्का घेऊन दुकानात आले आणि त्याला गिरणीचा भाव मिळाला. घडण तीच होती. बदलला तो शिक्का. यावरून शिक्क्याला काही अर्थच नसतो असे मात्र म्हणता येत नाही. गिरणी आपल्या नावासाठी ताका तपासून घेई, सदोष ताका परत करी. त्या निवडीचे काही मोल निश्चित होते. पण किमतीतील सारी तफावत त्या निवडीने भरून निघत होती, असे मानण्यास आधार दिसत नाही.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसले म्हणजे बाजार कसा बिघडतो, याचे विवेचन केले. त्यात जुन्या मोटारींबरोबरच बाजारच्या तांदळातील खडे वेचणाऱ्या भारतीय गृहिणीचाही दाखला आहे. भिवंडीचा अनुभव या विवेचनाला एक पुरवणी जोडतो. येथे अज्ञान सर्व बाजारभर सारखे पसरलेले नाही. कोऱ्या कापडाच्या व्यवहारात दोन्ही पक्षांकडे भिंग आहे, म्हणून तेथे पिकागणिक पैसे ठरतात. कापड रंगशाळेत गेले, त्याच्यावर चकाकी चढली, घडी पडली, की भिंगाचा उपयोग संपतो आणि तेथून पुढे किंमत नावावर, दुकानावर व ग्राहकाच्या विश्वासावर चालते.

मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे भिवंडीच्या परिसरात गुदामे उभी राहिली होती. २०१७ साली जकात गेली, वस्तू व सेवा कर आला, आणि ती आणखी वाढली. यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडांपासून काही मैलांवर आज त्या गुदामांत बंद खोक्यांतून देशोदेशीचा माल उतरतो. त्यांत हजारो रुपयांचे हेडफोनही असतात, ज्यांची बिजागरी किती वाकण्यांनंतर तुटेल अथवा तार कोठे उखडेल हे खोके उघडूनही कळत नाही. कोऱ्या कापडाचा व्यापारी मात्र आजही ताका घेण्यापूर्वी खिशातले भिंग काढतो आणि एका इंचातले धागे मोजतो.